रत्नागिरीतील एक नवजात अतिदक्षता विभाग: वेदनाशमनाच्या बाजूने

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळाच्या आतड्यात जन्मतः अडथळा होता आणि त्याची शस्त्रक्रिया रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयात झाली. तेथील स्वच्छता व यंत्रसामग्री चांगली आहे; पण मला लिहायचे आहे ते वेदनाशमनाविषयी, कारण विभाग निवडताना आपण नातेवाईक त्याची चौकशीच करत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बाळ व्हेंटिलेटरवर असताना त्याला फेंटानिल हे ओपिऑइड गटातील (म्हणजे अफूसारखे काम करणारे, तीव्र वेदना शमवणारे) औषध सिरिंज पंपातून सावकाश दिले जात होते. ते घाईने दिल्यास छातीचे स्नायू ताठरून श्वास अडू शकतो, म्हणून मात्रा वजनानुसार मायक्रोग्रॅममध्ये काढून दोन सिस्टर ती स्वतंत्रपणे पडताळत, आणि औषधाचा परिणाम उलटवणारे नालोक्सोन हाताशी ठेवलेले असे. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून गेल्यामुळे बाळाचे रडणे ऐकू येत नाही. त्यामुळे कपाळावरच्या आठ्या, आवळलेले डोळे, हातापायांची हालचाल आणि नाडी पाहून वेदनेचे गुण तक्त्यावर नोंदवले जात. हा तक्ता मला सर्वांत मोलाचा वाटला.

‘एवढ्याशा जिवाला अफूचे औषध कशाला?’ असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी न चिडता उत्तर दिले. नवजात बाळांना वेदना नीटशा जाणवत नाहीत, या समजुतीने एके काळी त्यांच्यावर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत. डॉ. कन्वलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की हृदयाजवळची रक्तवाहिनी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेत फेंटानिल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्याच डॉक्टरांच्या 2004 च्या, 898 बाळांवरील अभ्यासात मात्र व्हेंटिलेटरवरील अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सरसकट मॉर्फिन हे दुसरे ओपिऑइड दिल्याने मृत्यू किंवा मेंदूतील गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. उलट रक्तदाब उतरण्याचा धोका दिसला. म्हणूनच येथे केवळ व्हेंटिलेटर लावला म्हणून ओपिऑइड सुरू करत नाहीत. औषध देण्यातली आणि न देण्यातलीही ही शिस्त पाहून माझा विश्वास बसला.

औषध बंद करतानाही घाई झाली नाही. बरेच दिवस चाललेले ओपिऑइड एकदम थांबवल्यास बाळ कापरे भरल्यासारखे थरथरते, सतत रडते, जुलाब होतात. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली आणि जोडीला पॅरासिटामॉल दिले.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. रात्रपाळीत रक्तासाठी टाच टोचताना कोणी बाळाला दुपट्यात गुंडाळून धरत नसे, की आधी जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब देत नसे. अशा छोट्या टोचण्यांना ओपिऑइडची गरज नसते, पण हे साधे उपाय निश्चित उपयोगी पडतात आणि त्यांना खर्चही जवळजवळ नाही. नळी निघाल्यानंतरही आईला उराशी धरायला बाळ फार उशिरा दिले. संमतिपत्र केवळ इंग्रजीत आहे. राजापूर-लांज्याच्या खेड्यांतून आलेल्या आयाबायांना त्यातील ओपिऑइडविषयीचा परिच्छेद कोणी मराठीत वाचून दाखवत नाही. शस्त्रक्रियेची गरज असलेल्या बाळासाठी मी हा विभाग नक्की सुचवेन. मात्र दाखल करतानाच वेदनेचा तक्ता दाखवायला सांगावा आणि रात्रपाळीच्या सिस्टरांशी टाच टोचण्याविषयी आधीच बोलून ठेवावे.