संपत्ती आणि वारसा नियोजनाची सल्लासेवा : वर्षभरानंतरचे मत

बचत वाढवणे आणि आपल्या पश्चात ती योग्य माणसांच्या हाती पोहोचवणे, या दोन्ही कामांसाठी मिळून सल्ला देणारी एक सेवा मी गेले वर्षभर घेत आहे. गुंतवणुकीवर अधिक परतावा मिळावा या हेतूने मी तिच्याकडे गेलो होतो, परंतु तिचा मोठा उपयोग झाला तो वारशाच्या बाजूने.

पहिल्या भेटीत सल्लागारांनी एकाही फंडाचे नाव घेतले नाही. त्यांनी विचारले, "उद्या तुम्ही नसलात, तर घरच्यांना कोणते कागद कुठे सापडतील?" या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यात माझे तीन आठवडे गेले. खाती, विमा आणि स्थावर मालमत्ता यांच्याबरोबरच देणी, मी जामीन राहिलेले एक कर्ज आणि मोबाइलवरूनच चालणारी खातीही त्यांनी यादीत घ्यायला लावली. तेव्हा लक्षात आले की एका जुन्या खात्यावर नामनिर्देशन (नॉमिनीची नोंद) अजूनही माझ्या दिवंगत वडिलांचेच आहे आणि एका विमा पॉलिसीची पत्नीला कल्पनाच नाही. केवळ या यादीसाठीही ही सेवा घ्यावी, असे मी मनापासून म्हणेन.

गुंतवणुकीचा सल्ला सरळ होता : सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडा आणि उरलेले पैसे एकाच ठिकाणी अडकवू नका. तो योग्य आहे, पण त्यात नवे काही नाही.

मृत्युपत्राचे काम मात्र त्यांनी फार बारकाईने केले. लाभार्थी व्यक्तीला साक्षीदार करू नये, निष्पादकाची, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याची, संमती आधी घ्यावी, एखादा वारस आपल्याआधी गेला तर त्याचा वाटा कोणाकडे जावा हे लिहून ठेवावे, अज्ञान (वयाने सज्ञान न झालेल्या) मुलांसाठी पालक नेमावा, हे सर्व त्यांनी कारणांसह समजावले. तरीही पहिल्या मसुद्यात यादीबाहेर राहिलेल्या किंवा पुढे मिळणाऱ्या मालमत्तेविषयीचे कलम नव्हते. इतक्या अनुभवी लोकांकडून ते सुटायला नको होते, कारण नेमक्या अशाच मालमत्तेवरून भावंडांत वाद होतात. मी लक्षात आणून दिल्यावर त्यांनी ते त्वरित घातले.

माझी मुख्य तक्रार शुल्काबाबत आहे. ते एकूण गुंतवणुकीच्या दरसाल 1 टक्का आकारतात आणि हा आकडा ऐकताना किरकोळ वाटतो. परंतु दरसाल 8 टक्के चक्रवाढीने 30 वर्षांत मुद्दल सुमारे 10 पट होते, तर 7 टक्क्यांनी जेमतेम साडेसात पट. म्हणजे अखेरच्या रकमेचा जवळपास चौथा हिस्सा शुल्कापायी जातो. वारसांसाठी संपत्ती राखण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब पहिल्याच दिवशी ग्राहकापुढे मांडायला हवा. कामागणिक ठरावीक शुल्काचा पर्यायही त्यांच्याकडे आहे, मात्र तो विचारल्याशिवाय सांगितला जात नाही.

ज्यांची कागदपत्रे विखुरलेली आहेत, मुले लहान आहेत किंवा मालमत्तेत भावंडांचा वाटा आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. एकच खाते आणि एकच वारस असलेल्यांना साधे मृत्युपत्र पुरेसे आहे. मी स्वतः दुसऱ्या वर्षासाठी ठरावीक शुल्काचा करार केला असून, त्यात दरवर्षी यादी आणि नामनिर्देशने तपासून देण्याची अट लेखी घालून घेतली आहे.