आयजीए की आयजीजी?

दोन्ही प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी शरीरातली प्रथिनं (अँटीबॉडी). आतड्यात आणि लाळेत आयजीएचं राज्य. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातल्या स्रावात मात्र सहसा आयजीजी जास्त सापडतं. आयजीए बरंचसं स्थानिक: गर्भाशयमुखाच्या आतल्या भागातल्या प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी) ते बनवतात, दोन-दोन रेणू जोडून, मग अस्तराच्या पेशी ते उचलून बाहेर सोडतात. योनीच्या अस्तरात प्लाझ्मा पेशी तुरळकच. आयजीजीचा मोठा वाटा रक्तातून झिरपून येतो. म्हणूनच तर दंडात टोचलेली, रक्तात आयजीजी वाढवणारी एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूविरुद्धची) गर्भाशयमुखाशी कामी येते! माझ्या मते इथे आयजीजीचं पारडं जड. पण दोन्हींचं प्रमाण पाळीच्या चक्राप्रमाणे बदलतं, बीज सुटण्याच्या सुमारास घटतं. नमुना चक्राच्या कोणत्या दिवशी घेतला हे न सांगणारे आकडे मी तरी बाजूला ठेवते.