एमजीबीचे सडलेले सिल आणि नाशिकचा पावसाळा: पत्राकामानंतरचा अनुभव

आमच्या १९६७ च्या एमजीबी रोडस्टरचे (टप नसलेली, दोन दारांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पत्राकाम नाशिकमध्ये पूर्ण झाले, त्यावर आता एक कडक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा जाऊन गेला आहे. गाडी या काळात कव्हरखाली झाकून ठेवलेली नव्हती. त्र्यंबकला गेली, वणीला गेली, आणि भर जुलैत इगतपुरीपर्यंत जाऊन आली. त्यामुळे कोणते काम टिकले आणि कोणते नाही, हे आता खात्रीने लिहिता येते. ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे आणि डेंटिंग-पेंटिंगचा अंदाज मागायला जे निघाले आहेत, त्यांना पहिलीच गोष्ट सांगतो: तुमचा पैसा सिलच्या पत्र्यात आणि त्या सिलच्या आत जाणाऱ्या मेणात घाला. रंग सगळ्यात शेवटी, आणि उरलेल्या पैशातून.

सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी. एमजीबीच्या बाबतीत ही पेटी म्हणजे गाडीचा कणाच. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासिस होती. १९६२ मध्ये एमजीबी आली ती मोनोकॉक होऊन. म्हणजे चासिस नाही, पत्र्याच्या बॉडीनेच सगळा भार पेलायचा. त्यात रोडस्टरला टपही नाही. वरून आधार नसल्यामुळे गाडीचा सगळा ताठपणा खालच्या दोन सिलमध्ये आणि मधल्या बोगद्यात (गिअरबॉक्स आणि शाफ्टवरचा पत्र्याचा उंचवटा) असतो. सिलची बाहेरची पट्टी दिसते तेवढीच, पण तिच्या आत एक उभा पडदा, त्यापलीकडे आतली भिंत आणि खालून किल्ल्याच्या तटासारखा दुमडलेला रेल असतो. हे चार पत्रे मिळून ती पेटी बनते. अॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९८० पर्यंत पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या आणि त्यातल्या बहुतेकींचा गंज याच जागी सुरू झाला असावा, इतकी ही जागा नाजूक आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, ओला राहतो आणि आतून पत्रा खातो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतला पडदा गेलेला असतो.

आमची गाडी अनेक वर्षे मुंबईत, समुद्रापासून जवळ उभी होती. याचा परिणाम नुसत्या ओलाव्यापेक्षा वेगळा असतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड पत्र्याच्या बारीक खड्ड्यांमध्ये जाऊन बसते. वरून घासून पत्रा चकचकीत केला तरी खड्ड्याच्या तळाशी ते राहते, आणि हवेतला दमटपणा मिळाला की गंज पुन्हा चालू होतो. नाशिकची हवा कोरडी आहे म्हणून गाडी इथे आणली की गंज थांबेल, असे बरेच जण सांगत होते. तसे होत नाही. वेग कमी होतो, एवढेच.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर लोहचुंबक फिरवले. डाव्या सिलवर चुंबक चिकटतच नव्हते. लांबी (खड्डे भरायची पुटी) काढली तर आत गॅसने पितळ ओतून चिकटवलेल्या पत्र्याच्या चिंध्या आणि त्यामागे पोकळी भरायला कोंबलेले वर्तमानपत्र निघाले. पूर्वी कुठल्या तरी गॅरेजमध्ये केलेले हे काम होते. वर्तमानपत्र पाणी धरून ठेवते, त्यामुळे जे वाचले असते तेही त्यानेच संपवले. गाडी विकत घेताना सिलवर, दारामागच्या खालच्या कोपऱ्यावर आणि बूटच्या (डिकीच्या) तळाला चुंबक लावून बघणे हा पाच मिनिटांचा उद्योग आहे. विकणारा नाराज झाला तरी करावा.

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबीची नवी संपूर्ण बॉडी मूळ साच्यांवर बनवते. ती मागवणे हा एक मार्ग होता, पण आयात, जहाजभाडे आणि कागदपत्रे धरून तो माझ्या आवाक्यात नव्हता. शिवाय मला मूळ शेल, म्हणजे बॉडीचा मूळ सांगाडा, ठेवायचे होते. म्हणून सिलचे पत्रे आणि खालचे रेल तेवढे बाहेरून मागवले आणि फ्लोअर, बॅटरीच्या पेट्या, बूटच्या तळाचे तुकडे इथेच बनवून घेतले.

आणि इथे नाशिकचा फायदा सांगितलाच पाहिजे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-लहान वर्कशॉप शेकड्यांनी आहेत. सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी) पत्रा हव्या त्या जाडीचा, हव्या त्या मापाचा कापून मिळतो, प्रेस ब्रेकवर अचूक दुमडून मिळतो. फ्लोअरसाठी १.२ मिमी आणि बाहेरच्या तुकड्यांसाठी ०.९ मिमी पत्रा वापरला. आम्ही जुन्या फ्लोअरचा कार्डबोर्डवर नमुना काढून दिला आणि मिळालेला पत्रा गाडीत जवळपास जसाच्या तसा बसला. मुंबईत हेच काम करून घ्यायला मला कितीतरी जास्त धावपळ करावी लागली असती. जुन्या मेकॅनिक मंडळींनाही ही गाडी परकी वाटली नाही, कारण एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधलेच. आपल्या अॅम्बेसेडरला जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन अनेक वर्षे होते, त्याच घराण्यातले. ज्यांचे हात अॅम्बेसेडरवर तयार झाले त्यांनी बॉनेट उघडताच ओळख पटवली.

पत्राकाम नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमधल्या बुजुर्ग डेंटरनी केले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणायचो. कामाला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले. मी घाई करत होतो, तर म्हणाले, "साहेब, एक बाजू पूर्ण होऊन दार नीट लागल्याशिवाय दुसऱ्या बाजूला मी कटर लावणार नाही." त्यांचा हा हट्ट सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा ठरला. सिल कापले की रोडस्टर मधून झुकते; त्या अवस्थेत नवा पत्रा जोडला तर वाकलेली गाडी कायमची वाकडीच राहते. दार लावायचे, फट बघायची, टाके मारायचे, पुन्हा दार लावून बघायचे, मगच पूर्ण वेल्ड. आज वर्षभराने दोन्ही दारे एका बोटाने लागतात आणि जॅकवर चढवली तरी फट बदलत नाही. मोनोकॉक गाडीचे पत्राकाम जमले की नाही, हे मी तरी यावरूनच ठरवतो.

वेल्डिंग मिगने (विजेवरचे, तार आपोआप पुढे सरकणारे वेल्डिंग), ०.८ मिमी तारेने, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर केले. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड (ठिपक्याठिपक्यांचे वेल्ड) होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरून घेतली. गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता फार पसरते आणि लांब पत्रा लाटा मारतो. मिगनेही सलग रेघ ओढायची नाही. थोडे इथे, थोडे तिथे, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. जे पत्रे एकमेकांवर बसून बंद होणार होते त्यांच्या आतल्या बाजूला वेल्ड करता येणारा जस्ताचा प्रायमर आधी मारला, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. हे काम करताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा, जस्ताचा धूर छातीला वाईट.

आता रसायनांबद्दल. कंपन्यांची नावे देत नाही, कारण डब्यात काय आहे ते समजले की नाव गौण होते.

रस्ट कन्व्हर्टर म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. फॉस्फोरिकने गंजाचे लोहफॉस्फेट होते, टॅनिकने काळपट निळा थर बनतो. पत्र्यावर हलका, घट्ट बसलेला गंज असेल तर दोन्ही उपयोगी आहेत. सुटे पापुद्रे असतील तर थर वरच्या वर बसतो आणि खाली गंज चालूच राहतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तर ते पोहोचतच नाही. शिवाय फॉस्फोरिक लावल्यावर पाण्याने स्वच्छ धुऊन, पूर्ण सुकवूनच इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारायचा. आम्ल मागे राहिले तर इपॉक्सीची पकड बिघडते. मी याला पाचपैकी दोन देईन. गंजलेला पत्रा कापण्याऐवजी कोणी डबा दाखवत असेल तर नम्रपणे नको म्हणावे.

इपॉक्सी प्रायमर मात्र मनापासून आवडला. दोन घटकांचा, थेट उघड्या पत्र्यावर मारायचा, पाणी आत जाऊ न देणारा. साधा प्रायमर आणि पॉलिएस्टर लांबी दोन्ही पाणी शोषतात; जूनच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून आम्ही क्रम असा ठेवला: पत्रा स्वच्छ, त्यावर लगेच इपॉक्सी, आणि लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, तीही पातळ. बॉडीचे मोठे सपाट भाग शॉट ब्लास्टिंगला (बारीक कणांच्या जोरदार माऱ्याने साफ करायला) दिले नाहीत, कारण माऱ्याने पातळ पत्रा ताणून फुगतो. तिथला जुना रंग केमिकलने आणि हाताने काढला. ब्लास्टिंग फक्त सस्पेन्शनच्या जाड भागांना केले. सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट अल्युमिनियमचे असते, त्यावर ग्राइंडर चालवू देऊ नका.

सगळ्यात जास्त भरवसा मला कॅव्हिटी वॅक्सवर बसला आहे. हे पातळ मेण लांब नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने सिलच्या आत मारतात. ते सांध्यांत झिरपते आणि जिथे रंग कधीच जाऊ शकत नाही तिथे पोहोचते. रंगकाम संपल्यावरच मारायचे, आधी मारले तर वेल्डिंगच्या वेळी पेटते आणि रंगालाही बाधा येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे गेला तेव्हा सिलच्या खालून मेणाचे थेंब गळाले, पार्किंगच्या फरशीवर डाग पडले, आणि काही आठवडे केबिनमध्ये वास होता. हा त्रास मान्य करावा लागतो. उलट थेंब गळाले म्हणजे पाणी निघायची भोके उघडी आहेत, हे कळले. ती भोके मेणाने किंवा सीलंटने बुजू देऊ नका. पावसाळ्यानंतर लहान कॅमेरा सिलमध्ये घालून पाहिला: आतली जोडणी अजून तेलकट, गंज कुठेही नाही.

बहुतेक गॅरेजवाले आग्रहाने सुचवतात ते डांबरी अंडरबॉडी कोटिंग मी करून घेतले नाही आणि समाधानी आहे. ते काही वर्षांनी कडक होऊन तडकते, तडीतून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. इपॉक्सीवर रबरी, लवचीक चिप-गार्ड (उडणाऱ्या खड्यांचा मार झेलणारा थर) आणि चाकांच्या कमानीत दर महिन्याला पाण्याचा फवारा, एवढे पुरले. गाडी घाटातून आली की कमानीतला चिखल त्याच संध्याकाळी धुवायचा.

पावसाळ्याने काय दाखवले? पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा ओला झाला. विंडस्क्रीनसमोरच्या जाळीतून पाणी एका हौदात पडते आणि तिथून एका नळीने खाली जाते. ती नळी पानांनी बुजते आणि पाणी केबिनमध्ये उतरते. एमजीबीचा हा जुना रोग आहे आणि नव्या फ्लोअरला त्यापासून धोका आहे. दर पावसाळ्याआधी त्या नळीतून तार घाला. सीटमागच्या दोन बॅटरी पेट्या (त्या काळी दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असत) कोरड्या राहिल्या. पेट्रोलची टाकी बूटच्या तळाला चिकटून असल्यामुळे तिच्या माथ्यावर माती साचून भोके पडतात; आम्ही टाकी आणि तळ यांच्यात रबराच्या पट्ट्या घातल्या, तिथे काही झाले नाही.

एक ठिकाण मात्र फुगले. उजव्या दारामागच्या खालच्या कोपऱ्यात थोडा जुना पत्रा शिल्लक ठेवला होता, कारण तो जाड आणि मजबूत होता, फक्त खड्डे पडलेला. तिथे ऑगस्टमध्ये मुगाएवढा फोड आला. खाऱ्या हवेचे क्लोराइड म्हणतात ते हेच. जिथे नवा पत्रा आहे तिथे एकही फोड नाही, जिथे खड्डे पडलेला जुना पत्रा आहे तिथेच आला. मुंबई, कोकण किंवा गोव्याची गाडी असेल तर खड्डे पडलेला पत्रा मजबूत असला तरी कापा.

रंगाबद्दल थोडक्यात: टू-के (दोन घटक मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वसनाला गंभीर इजा करते. कापडी मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारा मास्क लागतो. रंगाऱ्याकडे तो नसेल तर दुसरा रंगारी बघा.

खर्चाचा अर्ध्याहून मोठा भाग मजुरीचा होता आणि त्यातलाही बराच भाग पत्रा कापून, बसवून, पुन्हा सोडवण्याचा. अंदाज देताना जे गॅरेज आधी रंगाचा आकडा सांगते, तिथे मी पुन्हा जाणार नाही.

नोंदणीचेही विचारतात म्हणून लिहितो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. शिवाय चासिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठे फेरबदल चालत नाहीत. आम्हाला वणीला जायचे असते, म्हणून साधी नोंदणी कायम ठेवली. तरीही कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि काढलेल्या जुन्या पत्र्याचे तुकडे जपून ठेवले आहेत, कारण मूळ शेल तेच आहे हे पुढे दाखवावे लागेल.

दिवाळीनंतर तो कोपरा उघडून नवा तुकडा घालायचा आहे, आणि मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात तापवून सिलमध्ये मेणाचा दुसरा हात मारायचा आहे. तापलेल्या पत्र्यावर मेण खोलवर झिरपते, असे चाचांचे म्हणणे आहे आणि कामाची तारीखही त्यांनीच ठरवून दिली आहे.