प्रतापनगरातला गिटार क्लास: पॉवर कॉर्ड नीट शिकायची असेल तर इथंच जा

प्रतापनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर हा क्लास चालतो, बोर्ड लहानसाच आहे, मी संध्याकाळच्या बॅचला जातो. आधी यूट्यूबवर बघून शिकून राहिलो होतो, तिथं पॉवर कॉर्ड (रॉक गाण्यांत दोन-तीन जाड्या तारा एकदम वाजवतात ती) म्हणजे पहिलं बोट इथं, तिसरं तिथं, झालं, पुढचा व्हिडिओ. इथं सर त्याच एका शेपवर आठवडेच्या आठवडे घालवतात आणि मला विचाराल तर फी तिथंच वसूल होते.

सुरुवातीलाच त्यांनी अ‍ॅम्पवर (गिटारच्या स्पीकरवर) डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटल्यासारखा करणारा इफेक्ट, लावून सहाही तारांची पूर्ण जी मेजर कॉर्ड वाजवली, नुसता कालवा. मग फक्त जाड्या तीन तारा, 3-5-5 (सगळ्यात जाड, सहाव्या तारेपासून कुठल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या कितव्या पट्टीशी, दाबायचं ते आकडे), आणि एकदम भरदार, स्वच्छ आवाज! म्हणे यात सा, प आणि वरचा सा एवढंच आहे, गंधारच नाही, म्हणून ही मेजरही नाही अन् मायनरही नाही. सा आणि प चं नातं 3:2 चं, सरळ, त्यामुळे डिस्टॉर्शनमधून जे जास्तीचे सूर निघतात तेही मेळात बसतात, गंधार आला की ते एकमेकांवर आदळतात. माझी आई तंबोऱ्यावर बसायची त्यामुळे मला हे फटकन कळलं.

पण खरी मेहनत नको असलेल्या तारा गप्प करण्यात आहे, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पाचव्या तारेवरून सी फाइव्ह (सी ची पॉवर कॉर्ड) वाजवताना पहिल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला हलकंच टेकलं पाहिजे आणि तेच बोट खाली आडवं पडून बारीक तारा झाकून घेतं. सर गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करायचं बटण) पार कमी करून वाजवायला लावतात, मग कुठली तार चुकून वाजते ते लपत नाही, आणि ते जमल्याशिवाय गेन वाढवू देत नाहीत, कितीही मागा. पाम म्यूटचंही (तळव्यानं तारा दबक्या वाजवायचं) तसंच, तळव्याची कड ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथं गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीच्या, अगदी जवळ ठेवायची, जरा पुढं सरकली की तार मरते, मागं गेली की मोकळी वाजते, तो मधला धप्प आवाज सापडेपर्यंत ते शेजारी उभे राहून ऐकत असतात.

व्हेरिएशन तर कमाल! वरचा सा काढून दोनच सूर, किंवा पाचव्या फ्रेटवर पाचवी-चौथी तार एकाच बोटानं दाबायची की प खाली अन् सा वर असा जी फाइव्ह उलटा मिळतो, किंवा 3-5-7 असं ताणून वाजवायचं, त्यात रे येतो आणि कॉर्ड एकदम मोकळी, उदास वाटायला लागते (ही माझी आवडती). मग सहावी तार ई वरून डी वर उतरवून ड्रॉप डी, खालच्या तीन तारांवर एक बोट आडवं टाकलं की कॉर्ड तयार.

बॅचमध्ये नववीतली एक पोरगी आहे, हात लहान, एफ फाइव्ह म्हणजे 1-3-3 पुरतच नव्हतं. सरांनी तिला पाचव्या फ्रेटपासून सुरू करायला लावलं, तिथं फ्रेट जवळजवळ असतात, आणि ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या गिटारवाल्या टोनी आयॉमीचं सांगितलं, कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली तरी टोप्या चढवून वाजवत राहिला. आता ती हळूहळू खाली सरकून राहिली आहे, दुसऱ्या फ्रेटपर्यंत आली!

आता कमी काय ते. अ‍ॅम्प एकच आहे अन् पोट्टे चार, त्यामुळे नंबर येईपर्यंत बिना अ‍ॅम्पचं वाजवत बसावं लागतं. उन्हाळ्यात कूलर सुरू असतो, त्याच्या आवाजात हळू वाजवलेलं ऐकूच येत नाही, वरून दमट हवेनं तारांना गंज लवकर धरतो, घरी गेल्यावर कोरड्या फडक्यानं पुसत जा. गाडी लावायला जागा नाही. सर बोलायला थोडे कडक आहेत, ज्याला लवकर गाणी वाजवायची घाई आहे त्याला कंटाळा येईल, आणि फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडून वाजवणं) शिकायचं असेल तर दुसरीकडे बघा.

फी महिन्याच्या महिन्याला घेतात, तीन-चार महिन्यांचे एकदम मागत नाहीत. एक क्लास बसून बघू देतात, तेव्हा आपलीच गिटार अन् केबल घेऊन जा, तिथली केबल खरखर करते.