जुना टेलिहँडलर घेताय? केबिनमधला तक्ता आधी तपासा

जालना एमआयडीसीत गोदामांची कामं जोरात आहेत. पत्रे, ब्लॉक, विटा उंचावर चढवायला टेलिहँडलरसारखं मशीन नाही. त्याचा बूम, म्हणजे पुढे लांबणारा हात, भिंतीवरून थेट आत माल नेऊन ठेवतो. नवं मशीन आमच्यासारख्या छोट्या ठेकेदाराच्या आवाक्यात नसतं, म्हणून आम्ही जुन्याच्या शोधात असतो. फसवणारे तिथेच गाठतात.

ज्या दलालाकडून मी मशीन घेतलं, त्याने यार्डात डेमो दिला. तीन टन उचलणारं मशीन, मीटरवर 2,800 तास, ताजा पिवळा रंग. सिमेंटच्या गोण्यांचं पॅलेट झटक्यात उचलून दाखवलं, पण बूम पूर्ण आत घेतलेला होता. इंजिनही आम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं. कागद दाखवले, इसार घेतला, मशीन साइटवर आलं.

साइटवर फ्लाय अ‍ॅश विटांचं पॅलेट लावलं. 400 विटा, एक वीट तीन किलोच्या घरात, म्हणजे 1,200 किलो. बूम किती बाहेर असताना किती वजन चालतं, हे केबिनमधला तक्ता सांगतो. त्याप्रमाणे हे वजन पहिल्या मजल्यापर्यंत आरामात जायला हवं होतं. बूम बाहेर निघाला तसे ऑपरेटर मामा थबकले. "मालक, मागची चाकं हलकी झालीत. लोकं बाजूला घ्या आधी!" मागचा टायर जमिनीला जेमतेम टेकलेला. मामांनी बूम खाली न घेता आधी आत ओढला. घाबरून खाली घेतला असता तर वजन आणखी पुढे गेलं असतं आणि मशीन उलटलंच असतं. खाली मसाला कालवणाऱ्या बाया होत्या. आणि अलार्म? एकदाही वाजला नाही.

मग फिटर बोलावला. त्याने तक्त्याचा कोपरा नखाने उचकटला, तर खाली दुसरा तक्ता! वरचा होता पुढे जॅक, म्हणजे जमिनीवर टेकवून मशीन स्थिर ठेवणारे पाय, असलेल्या मोठ्या मॉडेलचा. आमच्या मशीनला जॅकच नाहीत. तीन टन ही क्षमता बूम आत असतानाची. बूम पूर्ण पुढे काढला की ती निम्म्याच्याही खाली येते, आणि हे फक्त तक्त्यावरच कळतं. मागची चाकं हलकी होऊ लागली की मागच्या अ‍ॅक्सलवरचा सेन्सर केबिनमधल्या दिव्याने आणि अलार्मने इशारा देतो. त्याचीच वायर बायपास केलेली, म्हणून दिवा कायम हिरवा आणि अलार्म गप्प. बूमचे भाग ज्यांवरून सरकतात ते आतले पॅड पार झिजलेले, नव्या रंगाखाली लोखंड लोखंडाला घासल्याचे ओरखडे. 2,800 तासांत एवढी झीज होत नाही, असं फिटर ठामपणे म्हणाला. पैसे बुडाले याचं दुःख आहेच, पण माणसं मेली असती हे त्या दलालाला ठाऊक होतं. याला मी नुसती फसवणूक म्हणत नाही.

वर आरटीओत कळलं की मशीनवरचा बँकेच्या कर्जाचा बोजाही उतरलेला नाही. दाखवलेली एनओसी खोटी निघाली.

म्हणून मशीन बघायला जाल तेव्हा फिटर आपलाच न्या. तक्त्यावरचं मॉडेल चॅसिसच्या पाटीशी जुळवा. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा, बोनेटवर हात ठेवून बघा. बूम पूर्ण बाहेर काढून पॅड पाहा. वजन बेताचं लावून, आसपास कुणी नसताना, दिवा हिरव्यावरून पिवळ्यावर जातो का तपासा. जात नसेल तर तिथूनच परत फिरा. बोजा वाहन पोर्टलवर बघा, एनओसी बँकेत जाऊन विचारा. इसार रोख देऊ नका. माझी रक्कम खात्यातून गेली होती, म्हणूनच पोलिसांत तक्रार देताना हातात पुरावा होता. दलालाचा फोन तेव्हापासून बंद आहे.