पीसीचे पार्ट कॅबिनेटबाहेर जोडून तपासायचे, तर बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा की ओपन बेंचवर, म्हणजे पार्ट कसण्याच्या उघड्या सांगाड्यावर?

खर्चात खोका जिंकतो. मदरबोर्डसोबत तो आलेलाच असतो. बोर्ड मात्र थेट पुठ्ठ्यावर ठेवा, चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर नको. तिच्यात धातूचा थर असतो, चालू बोर्डाखाली ती शॉर्ट करू शकते.

खरा फरक ग्राफिक्स कार्ड लावताना पडतो. कार्डाच्या लोखंडी पट्टीचे टोक बोर्डाच्या पातळीखाली जाते, त्यामुळे सपाट खोक्यावर कार्ड तिरके बसते. पोर्टांकडची कड खोक्याच्या काठाशी आणा, म्हणजे टोक मोकळे राहील. तरी जड कार्डाला आधार नाहीच. सगळा ताण स्लॉटवर येतो. बेंचवर ते स्क्रूने कसता येते. बेंचचा धोका स्टँडऑफचा, म्हणजे बोर्ड उचलून धरणाऱ्या धातूच्या छोट्या खुंट्यांचा: बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट करू शकतो.

बाकी मांडणी दोन्हीकडे तीच: प्रोसेसर, कूलर, एकच रॅम, सप्लायची २४ पिनी (बोर्डासाठी) आणि ८ पिनी (प्रोसेसरसाठी) केबल. कूलर नसताना चालू करून बघण्याचा मोह टाळाच. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की बोर्ड सुरू होतो. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. घाईने वीज तोडू नका. पार्ट बदलताना मात्र सप्लाय बंद हवाच.

एकदाच पीसी जोडणाऱ्याला खोका पुरे. दुरुस्तीचे दुकान असेल किंवा दर आठवड्याला कार्डे बदलायची असतील, तर बेंच घ्यावा.