पुनर्विकासातली कलाकृती: रंगवलेली भिंत, मोझॅक की शिल्प?

सोसायटीच्या पुनर्विकासात कलाकृतीचा विषय बहुतेक वेळा अगदी शेवटी निघतो. लॉबीचं काम झालेलं असतं, ताबा द्यायची तारीख जवळ आलेली असते आणि मग प्रवेशाजवळच्या भिंतीवर ‘काहीतरी छान करू या’ असं ठरतं. तोवर शिल्पासाठी लागणारा आधार स्लॅबमध्ये घालायची वेळ निघून गेलेली असते, मोझॅकसाठी, म्हणजे टाइलचे किंवा काचेचे तुकडे जोडून केलेल्या चित्रासाठी, भिंतीचे सांधे कुठे यावेत हे ठरवायचंही राहून गेलेलं असतं. उरतो तो रंग, तोही अर्धवट ओल्या प्लास्टरवर. पुढची तुलना वाचताना हे लक्षात ठेवा: तिन्ही पर्याय खुले राहतात ते स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे नकाशे, पक्की होईपर्यंतच.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कलेसाठी वेगळी तरतूद झाली. इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलेसाठी वापरण्याची परवानगी होमी भाभांनी पंडित नेहरूंकडून मिळवली होती. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच भित्तिचित्र तिथे आहे, आणि ते इमारतीच्या आत, पावसापासून दूर आहे. आपल्याकडे मात्र कलाकृतीची जागा सहसा उघड्यावर असते, म्हणून माध्यमाची निवड जास्त कठीण होते.

रंगाचं भित्तिचित्र सर्वांत स्वस्त आणि झटपट होतं. ३० बाय २० फुटांच्या भिंतीला बाहेरच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यायला दहा-बारा लिटर रंग पुरतो. खरा खर्च कलाकाराचं मानधन आणि परांची यांचा. पण नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस द्यावेच लागतात. घाई केली तर सिमेंटमधले क्षार बाहेर येतात, पांढरी भुकटी दिसते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे निघतात. सगळ्यात फसवी जागा म्हणजे झाडांच्या वाफ्याची बाहेरची बाजू. आतलं वॉटरप्रूफिंग थोडं जरी कमी पडलं तरी मातीतलं पाणी भिंतीतून झिरपून रंगाला मागून ढकलतं. बाहेरून कितीही महागडा रंग लावा, तो टिकत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन आणि पाऊस दोन्ही थेट येतात. तिथे गुलाबी, जांभळे आणि झगझगीत पिवळे रंग लवकर फिके पडतात. गेरू, पिवळी माती, काळा हे लोहाच्या ऑक्साइडचे रंग टिकतात. खालचे दोन-अडीच फूट दगडी पट्टीला सोडा, कारण पावसाचे शिंतोडे आणि चिखल तिथेच उडतात. आणि दर चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगकाम करावं लागेल असं धरून चाला. देखभाल निधीत त्याची तरतूद नसेल तर हा पर्याय घेऊ नका.

मोझॅकला सुरुवातीचा खर्च आणि वेळ जास्त लागतो, पण समुद्राजवळ उघड्या भिंतीसाठी आमच्या मते हाच सर्वांत भरवशाचा. अट एकच, टाइल योग्य हवी. बाथरूमच्या भिंतीच्या उरलेल्या टाइल्स फुकट मिळतात म्हणून त्यांचे तुकडे लावले जातात. त्या टाइल्स बरंच पाणी शोषतात, फुगतात, ग्लेझवर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याच्या आत असलेली व्हिट्रिफाइड टाइल किंवा काचेचं मोझॅक घ्या. चिकटवायला साधं सिमेंट न वापरता पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह वापरा. तीन मिलिमीटर थराला २० किलोची पिशवी साधारण ४५ ते ५० चौरस फूट पुरते. अ‍ॅडेसिव्ह पूर्ण पसरलेलं हवं, ठिपके देऊन लावलेलं नको. काम झाल्यावर लाकडी दांडीने ठोकून पाहा; जिथे पोकळ वाजेल तिथे पाणी शिरणार.

काँक्रीटचा कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथे मिळतात तिथे भेग जाणारच. त्या रेषेवर टाइल सलग लावली तर ती तुटते, म्हणून सांधा मोकळा ठेवून लवचीक सीलंटने भरावा लागतो. कलाकाराच्या हातात ड्रॉइंग आधी आलं असेल तर तो सांधा झाडाच्या खोडात किंवा नदीच्या काठात सहज मिसळून टाकतो. नंतर आलं तर चेहऱ्याच्या मधोमध काळी रेघ दिसते. प्रत्येक रंगाच्या पाच ते दहा टक्के टाइल्स जादा घेऊन खोक्यावर नाव घालून सोसायटीच्या ताब्यात ठेवा. तो बॅच पुन्हा मिळत नाही.

शिल्पाचा प्रश्न वजनाचा आहे. काळ्या बेसॉल्टचा एक घनमीटर साधारण २.९ टन भरतो. म्हणजे दोन घनमीटरचा दगड सहा टनांच्या आसपास. नव्या इमारतींत अंगण म्हणजे पार्किंगवरचा पोडियम स्लॅब असतो. बागेसाठी धरलेल्या भारावर एका जागी सहा टन ठेवता येत नाहीत. शिल्प कॉलमच्या डोक्यावर यायला हवं किंवा स्लॅब तसा डिझाइन व्हायला हवा. नंतर अँकर बोल्टसाठी भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पाणी खालच्या गाड्यांवर गळतं. त्यापेक्षा चौथऱ्याच्या सळ्या स्लॅबबरोबरच सोडाव्यात आणि वॉटरप्रूफिंगचा थर चौथऱ्यावर ३०० मिलिमीटरपर्यंत वर चढवावा. अग्निशमन गाडीच्या वाटेत चौथरा येत नाही ना, हेही आर्किटेक्टकडून नकाशावर तपासून घ्या.

धातूचं शिल्प हलकं असतं, पण वारा धरतं. भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९ धरला आहे; पुण्यातलं डिझाइन जसंच्या तसं मुंबईत आणू नका. गंजलेल्या रंगाचं कॉर्टेन स्टील पुण्यात चालेल, समुद्रकाठी नाही: खाऱ्या हवेत त्याचा संरक्षक थर स्थिरावत नाही आणि फरशीवर तांबूस ओघळ येतात. तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, ३०४ नको, आणि बोल्टही त्याच ग्रेडचे. पोकळ शिल्पाच्या तळाला पाणी निघायला भोक हवंच, नाहीतर आत डासांच्या अळ्या होतात. मुलं चढणार हे गृहीत धरून ९ ते २३ सेंटीमीटरच्या फटी टाळा. त्यात डोकं अडकू शकतं.

करारावर वेळ घालवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकृती विद्रूप केल्यास कलाकार दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ते परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. म्हणून पुन्हा रंगवणं, हलवणं, काढणं यांबाबत काय करायचं ते आधीच लिहून घ्या.

निधी थोडा, आडोशाची भिंत आणि दर काही वर्षांनी चित्र बदलायची तयारी असेल तर रंग. उघडी भिंत आणि देखभालीला माणूस नसेल तर मोझॅक. शिल्प फक्त तेव्हाच, जेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरने जागा आणि पाया लेखी मान्य केला असेल. तिन्हींत तीन बाय तीन फुटांचा नमुना आधी करून घ्या, तो प्रत्यक्ष जागेवर उन्हात ठेवून पाहा, आणि मानधनाचा शेवटचा हप्ता पहिला पावसाळा निघून गेल्यावर द्या.